गिअर कापायचे कसे? हॉबिंग, शेपिंग, स्कायव्हिंग, की सरळ ग्राइंडिंग मशीनच घ्यावं?

चिकलठाणा_गिअर
नमस्कार मंडळी. संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत आमचं गिअर कटिंगचं छोटं जॉबवर्क आहे. दोन जुन्या हॉबिंग मशीन, डिव्हायडिंग हेडसकट एक मिलिंग आणि एक स्लॉटर. पंप, कन्व्हेअर, डाळमिल, साखर कारखान्यांचे सुटे भाग यांवर आजवर बरं चाललं.

आता चौकशा बदलल्यात. एक पार्टी प्लॅनेटरी गिअरबॉक्सची इंटर्नल रिंग, म्हणजे आतून दाते असलेली रिंग मागते. दुसरी इलेक्ट्रिक दुचाकीच्या रिडक्शनचे हेलिकल पिनियन, म्हणजे तिरक्या दात्यांचे छोटे गिअर मागते. दोघांच्याही ड्रॉइंगवर डीआयएन ६ (अचूकतेचा जर्मन ग्रेड, आकडा लहान तितका गिअर अचूक) लिहिलेलं. मला परवडेल एकच मशीन. सेकंडहँड शेपर घ्यावा, नवी सीएनसी हॉबिंग घ्यावी, की मोठं कर्ज काढून ग्राइंडिंग? स्कायव्हिंगचंही कानावर येतंय. कॅटलॉगमध्ये सगळंच चांगलं दिसतं, म्हणून ज्यांनी मशीनवर उभं राहून काम केलंय त्यांनी सांगावं. माझा स्वतःचा कल सीएनसी हॉबिंगकडं आहे.

मोडुल_तात्या
हॉबिंगला तोड नाही, भाऊ. माझा सगळा जन्म वाळूजमध्ये हॉबिंगवरच गेला. हॉब म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा दातेरी कटर. एका स्टार्टचा, म्हणजे एकाच आट्याचा हॉब एक फेरा फिरला की टेबल एक दाता पुढं सरकतं. ३२ दात्यांचा गिअर असेल तर हॉबच्या ३२ फेऱ्यांत टेबलाचा एक फेरा. थांबणं नाही, इंडेक्स करणं नाही, सगळे दाते एकदमच तयार होत जातात. शिवाय एका मॉड्युलचा (दात्याच्या मापाचा) एक हॉब घेतला की दाते २० असोत की १२०, तोच चालतो.

पूर्व जर्मनीच्या जुन्या मोडुल मशीन अजून आपल्या भागात चालतात बघा. त्या केम्निट्झ गावच्या. हर्मान फाउटरनं १८९७ मध्ये युनिव्हर्सल हॉबिंग मशीनचं पेटंट घेतलं तेही त्याच गावात. तिथून इथवर कामाचं तत्त्व तेच आहे. सीएनसीत चेंज गिअर गेले, त्यांच्या जागी एन्कोडर आणि सर्वो आले, एवढंच.

आयटीआय_नांदेड
तात्या, एक विचारू का? आम्हाला आयटीआयला मिलिंगवर डिव्हायडिंग हेडनं गिअर कापायला शिकवतात. मग ते आता कशालाच कामाचं नाही का?

मोडुल_तात्या
@आयटीआय_नांदेड, कामाचं कसं नाही? शेतकऱ्याच्या मशीनचा एक गिअर मोडला, नग एकच पाहिजे, तर हॉब शोधत बसण्यापेक्षा मिलिंगच बरं. डिव्हायडिंग हेडच्या क्रँकचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा. ३६ दाते काढायचे तर ४० भागिले ३६, म्हणजे क्रँकचा एक पूर्ण फेरा आणि १८ भोकांच्या वर्तुळावर २ भोकं पुढं. हे हातानं करणाऱ्या पोराला गिअर म्हणजे काय ते कळतं. सीएनसीवर नुसती बटणं दाबून कळत नाही.

पण त्याची मर्यादाही समजून घे. इन्व्होल्यूट (दात्याच्या वक्र आकाराच्या) कटरचा संच आठ नंबरांचा असतो. ३ नंबरचा कटर ३५ ते ५४ दात्यांना चालवतात, पण त्याचा आकार असतो ३५ दात्यांचा. म्हणजे ५४ दात्यांच्या गिअरला ३५ दात्यांचं प्रोफाइल बसतं. हळू चालणाऱ्या कामाला चालून जातं. वेगात फिरला की बोंबलतो.

मोजमाप_मेधा
चिकलठाणा_गिअर दादा, मशीनचं नाव काढायच्या आधी दोन्ही पार्ट्यांना एकच प्रश्न विचारा: डीआयएन ६ हवंय ते हीट ट्रीटमेंटच्या आधी की नंतर?

मी गुणवत्ता विभागात काम करते, रोज हेच बघते. चांगल्या हॉबिंगवर, चांगला हॉब आणि चांगलं फिक्श्चर असेल तर मऊ गिअर ७-८ पर्यंत येतो, नव्या मशीनवर त्याहून बरा. पण २०एमएनसीआर५ पोलादाचा पिनियन ९२०-९३० अंशांना कार्बुराइझ करून (कातडीत कार्बन मुरवून) तेलात टाकला की तो वाकतो, दात्याचा हेलिक्स (तिरका पीळ) थोडा उलगडतो आणि एक-दोन ग्रेड खाली जातो. म्हणजे कडक झालेल्या पिनियनवर ६ हवं असेल तर नुसत्या हॉबिंगनं ते मिळणार नाही. मशीन कितीही महागाचं घेतलं तरी नाही. तिथं ग्राइंडिंग नाहीतर होनिंग (दगडी टूलनं बारीक घासणं) लागतंच.

मोडुल_तात्या
मेधाताई, शेव्हिंग, म्हणजे मऊ दात्यांवरनं बारीक साल काढणं, विसरलात! आमच्या काळी हॉबिंग झालं की शेव्हिंग, मग हीट ट्रीटमेंट. गाड्याच्या गाड्या त्याच गिअरवर चालल्या. शेव्हिंग कटरलाच उलटा करेक्शन द्यायचा, हीट ट्रीटमेंटमध्ये दाता वाकून बरोबर जागेवर यायचा. ग्राइंडिंग म्हणजे हॉबिंगवाल्याच्या चुका झाकायचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत.

मोजमाप_मेधा
तात्या, तुमच्या अनुभवाचा पूर्ण आदर राखून सांगते, ग्राइंडिंगनं हॉबिंगची चूक झाकली जात नाही, पुढं सरकते. ग्राइंडिंगला दर बाजूला दशांश मिलिमीटरच्या आसपास माल ठेवतो. हॉबिंगच्या वेळी ब्लँकला (दाते नसलेल्या कोऱ्या जॉबला) रनआउट असेल, म्हणजे तो मध्य सोडून फिरत असेल तर ग्राइंडिंगमध्ये एका अंगाचा माल जास्त जातो, दुसऱ्या अंगाचा कमी. दाते वरून आरशासारखे दिसतात, रिपोर्टही चांगला येतो, पण एका बाजूची कडक कातडी पातळ झालेली असते. पुढं सहा महिन्यांनी त्याच बाजूला पिटिंग (बारीक खड्डे) दिसतं.

शेव्हिंगचं तुमचं म्हणणं पटतं, पण त्याला लॉट मोठा आणि भट्टी इमानदार लागते. प्रत्येक वेळी तेवढंच वाकणार असेल तर उलटा करेक्शन देता येतो. इथं एका लॉटमध्ये वाकणं वेगळं, दुसऱ्या लॉटमध्ये वेगळं. शिवाय इलेक्ट्रिक दुचाकीत इंजिनाचा आवाज नाही. पेट्रोल गाडीत जो गिअरचा आवाज दबून जायचा तो आता चालवणाऱ्याच्या थेट कानात जातो.

मांजरा_काठ
आवाजावरून आठवलं. आमच्याकडं एका गिअरबॉक्सला विचित्र शिट्टी यायची. दाते गुणिले आरपीएम केलं तर फ्रिक्वेन्सी जुळेना. शेवटी निघालं काय, तर गिअर ज्या हॉबिंग मशीनवर कापला तिचं टेबल फिरवणाऱ्या इंडेक्स वर्मव्हीलला जेवढे दाते, तेवढ्या लहरी आमच्या गिअरवर उमटल्या होत्या. मशीनचा दोष जॉबवर छापून आला. तात्या, तुमच्याकडं असं कधी आढळलं का?

मोडुल_तात्या
@मांजरा_काठ, आढळलंय. वर्मव्हील झिजलं की होतं. म्हणून जुनी मशीन घेताना पेंट बघू नका, टेबलाचा बॅकलॅश (दात्यांमधला ढिलेपणा) बघा. मेधाताईंचं कातडीचं म्हणणं मान्य आहे. आर्बरवर ब्लँक चढवला की डायल लावल्याबिगर बटणाला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक पोराला सांगत आलो.

जालना_रोलिंग
आमच्या जालन्यातल्या रोलिंग मिलला यातलं काहीच लागत नाही बघा. पिनियन स्टँडचे गिअर माणसाच्या छातीएवढे. लालभडक बिलेट रोलमध्ये घुसली की जो दणका बसतो तो दात्यानं सोसायचा असतो. तिथं मायक्रॉन कोण विचारतो, दाता तुटू नये एवढंच. डबल हेलिकल असतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा थ्रस्ट (शाफ्टच्या दिशेचा रेटा) एकमेकांत जिरतो. हॉबनं कापायचे तर मधे गाळा सोडावा लागतो, नाहीतर हॉब समोरच्या हेलिक्सला खातो.

उसाचा_फड
साखर कारखान्याचं त्याहून वेगळं. मिलच्या तीन रोलरना जोडणारे क्राउन पिनियन कुणी जवळून पाहिलेत का? वरचा रोलर हायड्रॉलिक दाबाखाली असतो, पण उसाचा थर जाड आला की तो वर उचलला जातो. म्हणजे दोन गिअरमधलं सेंटर डिस्टन्स चालू मशीनमध्ये कमी-जास्त होत राहतं. पुस्तकातला प्रमाणित दाता तिथं घातला तर रोलर उचलल्यावर टोकाटोकावर लागून तुटेल. म्हणून क्राउन पिनियनला दाते थोडे आणि नेहमीपेक्षा उंच ठेवतात. कास्ट स्टीलचे असतात.

एवढ्या मोठ्या मॉड्युलला हॉब करून घेणं परवडत नाही. फिंगर कटरनं एकेक गाळा काढतात. दात्याच्या गाळ्याच्याच आकाराचा एंडमिल समजा. हंगाम संपला की आमच्याकडं दुरुस्तीची घाई, आणि गळीत चालू असताना दाता मोडला तर गव्हाणीपाशी ट्रॅक्टरांची रांग लागते. तेव्हा शेतकरी हे विचारत नाही की गिअर हॉबिंगचा होता का मिलिंगचा. त्याचा ऊस वाळत असतो. म्हणून चिकलठाणा_गिअर यांना माझी विनंती, नव्या कामाच्या नादात आमच्यासारख्यांचं एकेक नगाचं काम सोडू नका. मराठवाड्यात ते करणारे फार कमी उरलेत.

चिकलठाणा_गिअर
@उसाचा_फड, सोडत नाही दादा. तुमच्या भागातल्या कारखान्यांवरच आमचं शेड उभं राहिलं.
@मोजमाप_मेधा, विचारलं. पिनियन कार्बुराइझ करून ५८-६२ एचआरसी कडकपणा आणि त्यानंतर डीआयएन ६. रिंग मात्र ईएन१९ पोलादाची, हार्डन-टेम्पर केलेल्या मालातून कापायची आणि नंतर नायट्रायडिंग (कातडीत नायट्रोजन मुरवणं). हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. आता रिंगबद्दल सांगा. इंटर्नल आहे, मॉड्युल २, एका टोकाला आंधळी, म्हणजे बंद.

पैठण_रोड
मग रिंगचा प्रश्न निम्मा सुटला. मी हीट ट्रीटमेंटमध्ये आहे. नायट्रायडिंग ५००-५५० अंशांच्या आसपास होतं आणि त्यात तेलात टाकणं नाही, म्हणून वाकणं फार थोडं. कापताना जो ग्रेड मिळाला तो जवळजवळ तसाच राहतो. इंटर्नल ग्राइंडिंगचा खर्च वाचला. हीच रिंग कार्बुराइझ केली असती तर अंडाकार झाली असती. पातळ रिंगा भट्टीत कशा रचल्या, कुठल्या जाळीवर ठेवल्या, यावरसुद्धा त्यांचा गोलावा ठरतो. प्रेस क्वेंचिंगची (दाबून धरून गार करायची) सोय नसेल तर पातळ रिंगला कार्बुराइझिंगची वाटच धरू नये.

मांजरा_काठ
इंटर्नलला साधा हॉब आत जाणारच नाही. वाट तीन-चारच. आरपार असती तर ब्रोचिंग (लांब दातेरी टूल भोकातून ओढणं), पण त्याचा ब्रोच प्रत्येक जॉबला वेगळा आणि महाग, आणि आंधळ्या भोकात ब्रोच चालतच नाही. वायरकटलाही (विजेच्या ठिणग्यांनी कापणारी तार) वायर आरपार लागते. म्हणजे उरलं शेपिंग आणि स्कायव्हिंग.

शेपिंग म्हणजे फेलोजची पद्धत, १८९६-९७ च्या सुमाराची, अमेरिकेतली. कटर स्वतःच एक गिअर. वर-खाली मारत मारत तो आणि जॉब एकमेकांत फिरतात. वर जाताना कटर कापत नाही, तो वेळ वायाच जातो, म्हणून काम सावकाश. पण आतले दाते, क्लस्टर गिअर, खांद्याला चिकटलेला गिअर, सगळीकडं तो शिरतो. हॉबला तसं जमत नाही. ८० मिमीचा हॉब आणि मॉड्युल ३ असेल तर दात्याची खोली ६.७५ मिमी. शेजारचा खांदा गिअरच्या ओडीएवढाच असला तरी त्याच्यापर्यंत साधारण २२ मिमी मोकळी जागा लागते. शेपरला कटर बाहेर पडण्यापुरता एक छोटा रिलीफ गाळा पुरतो.

बिडकीन_सीएनसी
स्कायव्हिंगवर मी बोलतो, कारण आमच्याकडं चालू आहे. कल्पना नवी नाही. जर्मनीत पिटलरनं १९१० मध्येच पेटंट घेतलं होतं. कटरचा अक्ष जॉबच्या अक्षाशी तिरका ठेवायचा, दोघं वेगात एका लयीत फिरवायचे, आणि त्या तिरकसपणामुळं जी घसरण होते तीच माल कापते. शंभर वर्षं ते कागदावर राहिलं कारण दोन स्पिंडल एवढ्या वेगात अचूक जुळवून ठेवणारं मशीन नव्हतं आणि ते सोसणारं टूलही नव्हतं. सीएनसीचं सिंक्रोनायझेशन, कार्बाइड आणि कोटिंग आल्यावर ते चाललं. शेपरचा रिकामा परतीचा स्ट्रोक इथं नाही, त्यामुळं इंटर्नल रिंगला वेळेत मोठा फरक पडतो. टर्निंग आणि दाते एकाच सेटिंगमध्ये होतात, म्हणून रनआउटही राहतो आटोक्यात.

आता दुसरी बाजू. टूल त्या-त्या गिअरसाठी डिझाइन करून घ्यावं लागतं. फिक्श्चर जरा हललं तरी दात्यावर चट्टे उमटतात. कडेला चिप अडकली तर कटरचा दाता उडतो, आणि तो कटर बदलून यायला वेळ लागतो. रोज तीच रिंग, महिनोन्महिने, असं काम असेल तर स्कायव्हिंगला पर्याय नाही. आज एक रिंग, उद्या दुसरी, असं जॉबवर्क असेल तर मी स्वतः शेपर घेईन.

आयटीआय_नांदेड
आणि प्लॅस्टिकचे गिअर, पावडर मेटलचे गिअर? आमच्या सरांनी सांगितलं की त्यांना कापावंच लागत नाही.

बिडकीन_सीएनसी
@आयटीआय_नांदेड, सर बरोबर सांगतात. पावडर मेटलर्जीत लोखंडाची पूड डायमध्ये दाबून भट्टीत सिंटर करतात. ऑइल पंपाचे गिअर बरेचसे असेच होतात. घनता घन सेंटिमीटरला ७ ग्रॅमच्या आसपास, घडीव पोलादाची ७.८५, म्हणजे आत बारीक पोकळ्या राहतात. त्यामुळं जड लोडला नाही चालत. प्लॅस्टिकमध्ये अ‍ॅसिटल गार होताना साधारण २ टक्के आक्रसतो, म्हणून साच्यातला गिअर मुद्दाम मोठा कापतात, आणि तो बहुतेक वेळा वायरकटवर होतो. डिफरन्शियलचे छोटे बेव्हल तर आता फोर्जिंगमधूनच दात्यांसकट येतात. पण या सगळ्यांत डायचा खर्च आधी, नग नंतर. हजारोंचा लॉट नसेल तर विचारही नको. वायरकट जवळून बघायचं असेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमला एक चक्कर मार.

लातूरकर
धागा वाचतोय, लई शिकायला मिळतंय. डाळमिलच्या एलिव्हेटरच्या वर्म गिअरबॉक्सबद्दल पण कुणीतरी लिहा. दोन वर्षांत ब्राँझचं चाक झिजतं, नवं बसवलं की गरम होतं.

मोडुल_तात्या
@लातूरकर, चाक कुठल्या हॉबनं कापलं ते विचारा. वर्मव्हीलचा हॉब त्या वर्मच्या मापाचा लागतो. स्टार्ट तेवढेच, व्यास जवळपास तेवढाच. बाजारात पुष्कळदा तोच मॉड्युल आहे म्हणून साधा हॉब तिरका करून दाते पाडून देतात. मग वर्म आणि चाकाचा संपर्क दात्याच्या एका कोपऱ्यावर येतो, तेल पिळून निघतं आणि गिअरबॉक्स तापतो. बसवायच्या आधी वर्मला निळा लावून हातानं फिरवा. ब्राँझवर निळा पट्टा मधे आणि बाहेर पडणाऱ्या बाजूला सरकलेला दिसला पाहिजे. कोपऱ्यात ठिपका दिसला तर चाक परत करा.

लातूरकर
धन्यवाद तात्या. उद्याच निळा लावून बघतो.

पैठण_रोड
पिनियनवर परत येतो. चिकलठाणा_गिअर दादा, ग्राइंडिंग बाहेरून करून घेणार असाल तर हॉब घेताना प्रोट्यूबरन्सचा घ्या. त्याच्या टोकाला बारीक फुगवटा असतो, तो दात्याच्या बुडाशी थोडा जास्त खोल जातो. ग्राइंडिंगचं चाक मग बुडाला न टेकता बाजूच घासतं. साध्या हॉबनं कापलेला दाता ग्राइंड केला तर बुडाशी पायरी पडते आणि दाता नेमका तिथूनच तुटतो. नुसत्या हॉबच्या निवडीवर पिनियनचं आयुष्य ठरतं.

दुसरं, ग्राइंडिंगवाल्याकडून नायटल एच टेस्टचा रिपोर्ट मागा. अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक अ‍ॅसिड लावलं की चांगला दाता एकसारखा करडा दिसतो. जिथं चाकानं जाळलं तिथं काळसर डाग येतो, आणि फारच जाळलं असेल तर काळ्याच्या मधे पांढरा ठिपका. तो पांढरा ठिपका म्हणजे कातडी तापून परत कडक झाली, तिथं चीर आलीच समजा. मायक्रोमीटरला हे कधीच कळत नाही.

मोजमाप_मेधा
+१. आणि ग्राइंडिंगला बाहेर पाठवताना पिनियन पोत्यात भरून पाठवू नका. दाता दात्यावर आपटून बारीक ठेच बसते, ती डोळ्यांना दिसत नाही, पण डबल फ्लँक टेस्टरवर (गिअर मास्टर गिअरला दाबून फिरवायचं यंत्र) काटा उडी मारतो आणि गाडीत टिकटिक येते. खाचांचे ट्रे करा, प्रत्येक पिनियन वेगळा.

चिकलठाणा_गिअर
मंडळी, खूप आभार. हॉबिंग घ्यायचं पक्कं करून धागा काढला होता, पण आता चित्र वेगळं दिसतंय. रिंगचा लॉट छोटा आणि दर महिन्याला बदलणारा, म्हणून सेकंडहँड शेपर. पिनियनला आहे त्यातल्या चांगल्या हॉबिंगवर नवा प्रोट्यूबरन्स हॉब, कार्बुराइझिंग आणि ग्राइंडिंग बाहेरून. जे पैसे वाचतील त्यांत मोजमापाचं काय आधी घ्यावं?

मोजमाप_मेधा
सीएनसी गिअर टेस्टर लगेच परवडणार नाही, त्यासाठी लॉटमधले पहिले आणि शेवटचे नग बाहेर मोजून आणा. घरात आधी डिस्क मायक्रोमीटर आणि डबल फ्लँक रोल टेस्टर. मायक्रोमीटरनं स्पॅन, म्हणजे ठरावीक दात्यांवरचं बाहेरून बाहेर अंतर मोजा, दाते कापण्याच्या प्रत्येक सेटिंगला. उदाहरण देते: स्पर (सरळ दात्यांचा), मॉड्युल ३, ४० दाते, २० अंश, करेक्शन नाही, तर ५ दात्यांवर ४१.५३ मिमी यायला हवं. ग्राइंडिंगचा माल ठेवायचा असेल तर तेवढं वर. कार्बुराइझिंगच्या आधी आणि नंतर, त्याच नगाच्या त्याच चार जागांवर मोजून वही ठेवा. भट्टीवाल्याशी बोलायला त्या वहीइतकं दुसरं काही कामाला येत नाही.

पैठण_रोड
भट्टीवाला म्हणून सांगतो, अशी वही घेऊन येणारं गिऱ्हाईक आम्हालाही हवं असतं. नग भट्टीत कुठल्या थरात होता तेही तिच्यात लिहा, मी जाळीवर नंबर टाकून देतो.

मोडुल_तात्या
शेपर बघायला जाल तेव्हा मला फोन करा, मी येतो. कटर स्पिंडलचा स्ट्रोक आणि परतीला कटर मागं सरकतो की नाही, हे दोन्ही चालू मशीनवर बघायचं. मागं सरकणं ढिलं असलं तर कटर परतीला दात्याला घासतो आणि धार दोन दिवसांत जाते.

उसाचा_फड
आणि तो स्लॉटर विकू नका हो. ऑक्टोबरच्या आधी मला कीवेचं काम आहे.

चिकलठाणा_गिअर
@उसाचा_फड, स्लॉटर जागेवरच आहे. ड्रॉइंग पाठवा, गळीत सुरू व्हायच्या आत देतो.
@मोडुल_तात्या, रविवारी सकाळी शेंद्र्याला एक मशीन बघायला जायचंय. तुम्हाला वाळूजहून घेतो.